वार्षिक अहवालाचा प्रोजेक्ट बंद करू नका: आपल्या लेखा व वित्त विभागाला खुलं पत्र

माननीय विभागप्रमुख मॅडम आणि अभ्यास मंडळातले सगळे सर, मॅडम,

स.न.वि.वि.

मी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. गेल्या आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली की पुढच्या वर्षापासून पाचव्या सत्रातला वार्षिक अहवालाचा प्रोजेक्ट (एखाद्या कंपनीचे वार्षिक अहवाल वाचून तपासायचा) बंद होणार, त्याचे ३० मार्क लेखी पेपरात जाणार आणि तो पेपर पूर्ण एमसीक्यू, म्हणजे पर्यायांतून उत्तर निवडायचा, असणार. यात माझं स्वतःचं काहीच जात नाहीये, माझा प्रोजेक्ट झालाय, मार्कही मिळालेत. तरी नोटीस वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. ऑफिसात अर्ज दिला तर "निर्णय झालेला आहे" एवढंच सांगितलं, म्हणून हे आता सगळ्यांसमोर लिहितेय, ज्युनिअर्सनी वाचावं, त्यांच्या घरच्यांनी वाचावं आणि सर-मॅडम, तुम्ही तर वाचावंच.

आधी सांगते की मला याचं एवढं का लागलंय.

पहिल्या वर्षाला आले तेव्हा मला डेबिट-क्रेडिट ओ की ठो माहीत नव्हतं, शाळेत हा विषयच नव्हता. येणारं डेबिट, जाणारं क्रेडिट, असं पाठ करत करत जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स सगळं शिकले आणि दुसऱ्या वर्षी ऐंशीच्या वर मार्क पडायला लागले. घरी सगळे खूश, मीही खूश. त्याच काळात माझी आई जिथे १९ वर्षं नोकरी करत होती ती कंपनी बुडाली. एका सोमवारी गेट बंद. तीन महिन्यांचा पगार अडकला आणि कर्मचारी म्हणून तिला जे थोडे शेअर मिळालेले त्यांची किंमत शून्य झाली. आई एकच म्हणत होती, अगं दरवर्षी तर नफा वाढलेलाच दाखवत होते.

शेअर असल्यामुळे त्या कंपनीचे वार्षिक अहवाल आमच्या घरी यायचे. कपाटात चार वर्षांचे पडून होते. मी अकाउंटिंग शिकत होते, चांगले मार्क मिळवत होते, आणि ते अहवाल माझ्या घरात होते. मी एकही उघडला नव्हता. कंपनी बंद झाल्यावर उघडले तेव्हाही कुठून वाचायला सुरुवात करायची ते कळेना, कारण तोवर मला बॅलन्स शीट बनवायला शिकवलं होतं, दुसऱ्याने बनवलेली वाचायला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पाचव्या सत्रात प्रोजेक्ट आला. मी तीच कंपनी घेतली. आमच्या मार्गदर्शक सरांनी मला कुठलाही फॉर्म्युला दिला नाही, ते म्हणाले आधी नफा आणि व्यवसायातून आलेली रोकड शेजारी शेजारी मांड, चारही वर्षांची. मांडली. नफा चारही वर्षं चढता, आणि शेवटच्या दोन वर्षांत व्यवसायातून येणारी रोकड उणे. मग ते म्हणाले हा फरक कुठे अडकलाय ते शोध. येणी बघितली. विकलेल्या मालाचे पैसे वसूल व्हायला आधी सरासरी ६२ दिवस लागत होते, शेवटच्या वर्षी १४१ दिवस. माल उधारीवर ढकलायचा, विक्री म्हणून नोंदवायचा, नफा दाखवायचा, आणि पैसे यायचेच नाहीत. शेवटच्या अहवालात मागे टिपांमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं पण होतं, की कंपनी यापुढे चालू राहील की नाही याबाबत महत्त्वाची अनिश्चितता आहे. ऑडिटरनेही आपल्या रिपोर्टात त्या टिपेकडे बोट दाखवलं होतं. तो अहवाल कंपनी बंद व्हायच्या सात महिने आधी घरी आलेला. सात महिन्यांत आई दुसरी नोकरी शोधू शकली असती.

यात दुसऱ्या वर्षाच्या पलीकडचं एक गणित नाही, भागाकार आणि वजाबाकी आहे फक्त. म्हणून मला हा प्रोजेक्ट ३० मार्कांची गोष्ट वाटत नाही.

आता नोटिशीतली कारणं एकेक घेते.

तुम्ही म्हणता एमसीक्यूने विषयाची पायाभूत समज नीट तपासता येते. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते उदाहरणाने सांगते. पहिल्या वर्षीच्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: दुरुस्तीचा खर्च मशिनरी खात्याला टाकला, ही कोणती चूक? चार पर्याय. आम्ही सगळे डोळे झाकून "तत्त्वाची चूक" वर टिक करतो कारण पाठ असतं. भांडवली खर्च (वर्षानुवर्षं कामी येणाऱ्या मालमत्तेवरचा) वेगळा, महसुली खर्च (रोजचा) वेगळा, आणि असली चूक झाली तरी ट्रायल बॅलन्स, म्हणजे डेबिट-क्रेडिटच्या बेरजा, जुळतो, हेही पाठ. आता वर्ल्डकॉम ही अमेरिकेतली टेलिफोन कंपनी घ्या. २००२ मध्ये उघडकीला आलं की दुसऱ्या टेलिफोन कंपन्यांच्या लाइन वापरायचं जे भाडं त्यांनी रोजचा खर्च म्हणून लिहायला हवं होतं ते मालमत्ता म्हणून लिहिलं. आधी ३.८ अब्ज डॉलरचा आकडा जाहीर झाला, पुढे तपासात एकूण फेरफार सुमारे ११ अब्जांचा निघाला. म्हणजे आमचा तोच पहिल्या वर्षाचा दोन मार्कांचा प्रश्न! आणि त्यांची बॅलन्स शीट जुळतच होती. टिक करणाऱ्या मुलाला खऱ्या अहवालात ही गोष्ट दिसेल का? मला नाही वाटत, कारण तिथे "खालीलपैकी कोणती चूक" असं कुणी विचारत नाही, तिथे सगळं बरोबरच आहे असं छापलेलं असतं.

अजून एक गोष्ट आहे जी मला प्रोजेक्ट करताना कळली आणि जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आईच्या कंपनीत रोकड बघितली की लबाडी दिसत होती. वर्ल्डकॉममध्ये नुसती व्यवसायातली रोकड बघून भागलं नसतं, कारण खर्च मालमत्तेत टाकला की तो पैसा कॅश फ्लोमध्ये (रोकड कुठून आली, कुठे गेली त्या पत्रकात) गुंतवणुकीच्या भागात जाऊन बसतो, आणि व्यवसायातून येणारी रोकड उलट छान दिसते. तिथे बघायला हवं होतं की विक्रीच्या मानाने भांडवली खर्च एवढा का होतोय. म्हणजे "नफ्यापेक्षा रोकड बघा" हा नियम पाठ केलेला मुलगा एका कंपनीत बरोबर ठरेल आणि दुसऱ्या कंपनीत हमखास फसेल. एका ओळीत बसेल असं उत्तरच नाहीये याचं, दोन-चार अहवाल पानापानाने वाचल्याशिवाय ती नजर येत नाही, आणि ती नजर तयार करायची आपल्या पूर्ण अभ्यासक्रमात हीच एक जागा होती.

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला काय अर्थ असतो असं कुणाला वाटत असेल तर, १९९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने अभ्यासाचा भाग म्हणून एन्रॉन या अमेरिकेतल्या ऊर्जा कंपनीचे हिशेब तपासले होते. लेखाशास्त्राचे प्राध्यापक बेनिश यांचं नफ्यातली फिरवाफिरवी ओळखायचं जे मॉडेल आहे ते लावलं, आणि कंपनी नफ्याचे आकडे फिरवत असू शकते असं लिहून शेअर विकून टाकायचा सल्ला दिला. एन्रॉन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या मॉडेलमध्ये आठ गुणोत्तरं आहेत आणि त्यातलं एक काय आहे तर येणी वसूल व्हायचे दिवस मागच्या वर्षीच्या मानाने किती वाढले. सरांनी मला तेच तर शोधायला लावलं होतं. ते वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

दुसरं कारण तुम्ही दिलंय एआयचं. मुलं रिपोर्ट एआयकडून लिहून घेतात, मग मार्क कशाचे द्यायचे. हे खरं आहे, मी नाकारणार नाही, आमच्याच बॅचमध्ये झालंय आणि ज्यांनी रात्र रात्र जागून केलं त्यांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास झालाय. पण त्यावर प्रोजेक्टच बंद हे कसलं उत्तर? प्रत्येकाला वेगळी कंपनी द्या, गणिताची एक्सेल फाइल मागा ज्यात आकडा कुठल्या पानावरून घेतला ते लिहिलेलं असेल, आणि पंधरा मिनिटं समोर बसवून विचारा. घसारा मागच्या वर्षीपेक्षा कमी का झाला? राखीव निधी कुठे गेला? ज्याने अहवाल वाचलाय तो अडखळत का होईना सांगेल, ज्याने नाही वाचला तो दुसऱ्या प्रश्नाला गप्प होईल.

तिसरं कारण शिक्षकांवरचा भार. हे मला मान्य आहे आणि मनापासून मान्य आहे, कारण मी बघितलंय सर-मॅडम सुट्टीच्या दिवशी बसून गठ्ठे तपासतात. तरी हिशेब मांडून बघू. आम्ही २४० जण आहोत. प्रत्येकी १५ मिनिटं धरली तर ६० तास. विभागात सहा शिक्षक, म्हणजे प्रत्येकी १० तास, पूर्ण सत्रात. वीस-पंचवीस पानी रिपोर्ट तपासायला यापेक्षा जास्त वेळ जातो, मग लांब रिपोर्टऐवजी चार पानं आणि तोंडी असं करा ना. आम्ही कुणी लांब रिपोर्ट मागत नाहीये.

आता नोटिशीच्या बाहेरचं, पण याच्याशी बांधलेलं.

लीजचा धडा. आपल्या तिसऱ्या सत्राच्या पुस्तिकेत लीजसाठी, म्हणजे भाडेकरारासाठी, अजून आयएएस १७ हे जुनं आंतरराष्ट्रीय लेखा मानक आहे, फायनान्स लीज (वस्तू जवळजवळ विकत घेतल्यासारखा करार) बॅलन्स शीटवर आणि ऑपरेटिंग लीज (साधं भाडं) बाहेर, भाडं द्या आणि खर्चात टाका. १ जानेवारी २०१९ पासून त्याच्या जागी आयएफआरएस १६ हे नवं मानक लागू आहे आणि भाडेकरूच्या बाजूने तो फरक गेला, अगदी छोटे किंवा वर्षभराच्या आतले करार सोडले तर बाकी सगळं बॅलन्स शीटवर येतं. हा किरकोळ बदल नाही. ही मानकं बनवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने स्वतः २०१६ मध्ये मांडलं होतं की लिस्टेड कंपन्यांची लीजची देणी सुमारे ३.३ लाख कोटी डॉलर आहेत आणि त्यातली ८५ टक्क्यांहून जास्त बॅलन्स शीटवर दिसतच नाहीत. आम्ही जे शिकलो ते नेमकं ही देणी न दाखवायचं तंत्र.

साधं गणित करून बघा. दहा वर्षांचं लीज, दरवर्षीच्या शेवटी १०० भाडं, व्याजदर ६ टक्के. जुन्या पद्धतीत वर्षाला १०० खर्च, देणं शून्य. नव्या पद्धतीत पहिल्याच दिवशी ७३६ चं देणं आणि तेवढीच मालमत्ता उभी राहते. त्या मालमत्तेचा पहिल्या वर्षाचा घसारा ७३.६, व्याज ४४.२, म्हणजे खर्च जवळजवळ ११८. कंपनीचं भांडवल १००० आणि कर्ज ५०० असेल तर कर्जाचं प्रमाण आधी ०.५ दिसत होतं, आता १.२४ दिसेल. कंपनी तीच, करार तोच. कर्ज द्यायचं की नाही, शेअर घ्यायचा की नाही, नोकरीला राहायचं की नाही, सगळं या एका आकड्याने बदलू शकतं.

आणि हे ७३६ कुठून आले ते कळायला आजचं मूल्य, म्हणजे पुढे द्यायचे पैसे व्याज वजा जाता आज किती किमतीचे आहेत ते, काढता यावं लागतं. ते आपल्याकडे शिकवतात चौथ्या सत्रात, फायनान्सच्या पेपरात! लीज तिसऱ्यात. त्यामुळे आम्ही तक्त्यातून एक आकडा उचलला आणि गुणला, का गुणला ते कुणाला माहीत नव्हतं, आणि सहा महिन्यांनी फायनान्सच्या मॅडमनी तीच गोष्ट शिकवली तेव्हा त्यांना माहीत नव्हतं की आम्ही ती आधी वापरून झालोय. डिग्रीचं नाव लेखा आणि वित्त, पण आत दोन वेगळ्या डिग्र्या चालू आहेत असं वाटतं. फायनान्सच्या तासाला सांगतात कंपनीची किंमत म्हणजे पुढे येणारी रोकड आजच्या मूल्यात, अकाउंटिंगच्या तासाला सगळा भर नफ्यावर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असेल, पण नफ्यापासून रोकडपर्यंत कसं पोचायचं हे दोघांच्या मध्ये पडलंय आणि ते उचललं फक्त प्रोजेक्टने, कारण तिथे एकच कंपनी दोन्ही बाजूंनी बघावी लागायची.

पुढचं पण येऊन ठेपलंय. आयएफआरएस १८ हे नवं मानक एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं आणि १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू आहे. नफा-तोटा पत्रकाची मांडणीच बदलतेय, व्यवसाय, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा असे वेगळे भाग, व्यवसायातला नफा ही सक्तीची ओळ, आणि मॅनेजमेंट स्वतःच्या सोयीने जे नफ्याचे आकडे जाहीर करते त्यातले बरेचसे टिपांमध्ये ताळमेळ दाखवून समजावून सांगावे लागणार. आत्ता पहिल्या वर्षाला असलेली मुलं नोकरीला लागतील तेव्हा हेच वापरतील. पुस्तिकेत एक ओळ नाही.

एक्सेलबद्दल थोडक्यात. परीक्षा पूर्ण कॅल्क्युलेटरवर, लॅब सहा तासिका. २०१३ मध्ये गाजलेली गोष्ट आहे, एका विद्यार्थ्याने वर्गातल्या असाइनमेंटसाठी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढीवरचा एक जगभर गाजलेला शोधनिबंध पुन्हा करून बघितला तेव्हा त्याला मूळ फाइलमध्ये सरासरी काढताना पाच देशांच्या ओळीच सुटलेल्या दिसल्या. निबंधाच्या पद्धतीबद्दल इतरही आक्षेप होते, पण ओळी सुटलेल्या त्याला दिसल्या कारण त्याने फाइल उघडून सेल बघितला. आम्हाला दुसऱ्याची फाइल तपासायला कधीच दिलेली नाही.

नीतिमत्तेचं एक लेक्चर असतं, शेवटच्या आठवड्यात, बहुतेकांची हजेरी नसते. वर्ल्डकॉमचा घोटाळा बाहेरच्या कुणी नाही, त्यांच्याच अंतर्गत ऑडिटच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या टीमने शोधला, वरून दबाव असताना. आमच्यातले कित्येक जण दोन वर्षांत अशाच एखाद्या टेबलावर बसलेले असणार. वरचा साहेब म्हणेल ही एंट्री इकडे टाक, तेव्हा काय बोलायचं, कुणाकडे जायचं, लेखी काय ठेवायचं, हे एका लेक्चरमध्ये होत नाही.

आणि उत्तरपत्रिका. आम्हाला फक्त एकूण मार्क दिसतात. सुरुवातीला एक आकडा चुकला म्हणून पुढचं सगळं चुकलं की पद्धतच चुकली, हे मुलांना कळतच नाही, मग तीच चूक पुढच्या सत्रात पुन्हा. माझी एक मैत्रीण कन्सॉलिडेशनमध्ये (मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करणं) दोनदा नापास झाली, तिसऱ्या वेळी एका सरांनी स्वतःहून पेपर दाखवला तर ती अल्पसंख्य भागधारकांचा हिस्सा दर वेळी एकाच ठिकाणी चुकत होती. पाच मिनिटांत सुटलं. वर्ष गेलं तिचं. एमसीक्यू आल्यावर तर पायऱ्याच उरणार नाहीत.

आमच्या मागण्या सरळ लिहिते. माझ्यासोबत तिन्ही वर्षांच्या ८६ जणांनी याच्या छापील प्रतीवर सह्या केल्यात, ती प्रत ऑफिसात दिली आहे.

पाचव्या सत्रातला वार्षिक अहवालाचा प्रोजेक्ट ३० मार्कांसह तसाच ठेवा. त्यातले १० मार्क तोंडी परीक्षेचे करा, हवं तर १५ करा.

लेखी पेपरात थोडे एमसीक्यू असायला आमची हरकत नाही, पण निम्म्याहून जास्त मार्क असे ठेवा जिथे मुलाला लिहून दाखवावं लागेल.

लीजचा धडा येत्या सत्रापासून बदला आणि आयएफआरएस १८ ची निदान ओळख द्या. यासाठी पूर्ण अभ्यासक्रम नव्याने मंजूर होईपर्यंत थांबायची गरज नाही, शिक्षकांनी टिपणं दिली तरी चालेल, ती टाइप करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आजचं मूल्य काढायचा भाग लीजच्या आधी घ्या. तासिकांची अदलाबदल आहे ही, यात खर्च काही नाही.

तपासलेल्या उत्तरपत्रिका निकालानंतर आठवडाभर बघायला मिळाव्यात.

आणि असा निर्णय घ्यायच्या आधी विद्यार्थ्यांपैकी दोघांना तरी बैठकीत बोलवा, मत द्यायचा हक्क नसला तरी चालेल, ऐकून तरी घ्या.

नवीन सत्र सुरू व्हायच्या आधी यावर लेखी उत्तर हवंय. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण मुद्द्यावर म्हणा, "निर्णय झालेला आहे" हे आता नको.

मॅडम, तुमच्यापैकी कुणाबद्दलही माझ्या मनात राग नाही. मला जे काही येतं ते याच विभागाने शिकवलंय आणि ज्या सरांनी मला नफा आणि रोकड शेजारी मांडायला सांगितली ते तुमच्याच टेबलावर बसतात. दुसऱ्या वर्षातल्या १७ मुलांनी नोटीस यायच्या आधीच पुढच्या वर्षासाठी कंपन्या निवडून ठेवल्यात. त्यातला एक जण मला रोज विचारतो, ताई, मी अहवाल डाउनलोड करून ठेवू का नको. मी त्याला ठेव म्हणून सांगितलंय.

आईच्या कंपनीचे चारही अहवाल आणि माझी एक्सेल फाइल मी बैठकीत घेऊन येऊ शकते, वीस मिनिटं पुरतील. कधी यायचं ते कळवा.

आपली नम्र,
लेखा व वित्त, शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी